एकटीची चाकरी

'डाउन्टन ॲबी' आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिली. खाली स्वयंपाकघर, वर दिवाणखाना, भिंतीवर घंटांची रांग आणि बटलरच्या नुसत्या भुवईवर चालणारा नोकरांचा कारभार. ती मालिका सुरू होते 1912 मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणी जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. तरी राणीच्या काळच्या इंग्रज मोलकरणीचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे तोच वाडा उभा राहतो. असे वाडे होते आणि त्यांत राबणारी माणसंही होती. पण 1891 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये घरकामावर असलेल्या तेरा लाखांहून अधिक बायका-मुली मोजल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकींना बटलर कधी दिसलाही नसेल. त्या पाद्र्याकडे, शाळामास्तराकडे, दुकानदाराकडे, बऱ्यापैकी जमीन बाळगून असलेल्या शेतकऱ्याकडे होत्या. कुठे जोडीला आणखी एखादी, पुष्कळदा एकटीच. देशातल्या बायकांना कापडगिरण्यांपेक्षाही जास्त काम या घरांनी दिलं होतं.

या मुली यायच्या कुठून, हे समजून घ्यायला फ्लोरा थॉम्पसनकडे जावं. 1876 साली जन्मलेली फ्लोरा ऑक्सफर्डशायरमधल्या ज्युनिपर हिल या चिमुकल्या वस्तीत वाढली आणि पुढे 'लार्क राइज' या पुस्तकात तिनं ती वस्ती माणसांसकट उतरवून ठेवली. शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंग मिळत. झोपायच्या खोल्या एक किंवा दोन आणि घरात पोरांची रांग. मुलगी बारा-तेराची झाली की तिला घरात अंथरूण टाकायलाही जागा उरत नसे. म्हणून त्या वयाची मुलगी वस्तीत सहसा दिसतच नसे, ती चाकरीला गेलेली असे. पहिलं वर्ष जवळपासच्याच एखाद्या छोट्या घरी, आठवड्याला एखादा शिलिंग आणि पोटावर. आई त्याला नोकरी मानत नसे. मुलीला हात चालवायला शिकवणारी ती शाळाच होती. वर्ष झालं की पाद्र्याची बायको किंवा मुलगी ओळखीपाळखीतून पुढची जागा शोधून देई.

त्या पुढच्या जागेसाठी पत्र्याची ट्रंक भरावी लागे. सकाळच्या कामाला छापील सुती झगे, दुपारनंतर काळा झगा, पांढरे एप्रन, टोप्या, धड बूट. हे सगळं मुलीनं स्वतःच्या पैशानं आणायचं. मोठ्या घरातल्या फुटमनला, म्हणजे वर्दीतल्या पुरुष नोकराला, त्याची झुलीदार वर्दी मालक शिवून देई, मोलकरणीला मात्र नाताळात फार तर झग्याचं कापड भेट मिळे, आणि ते शिवायचं तिनंच. शेतमजुराच्या घरी एवढा खर्च झेपणं कठीण, म्हणून पहिल्या वर्षाचे शिलिंग बहुधा या ट्रंकेतच जात.

उत्तरेकडे आणि मध्य इंग्लंडमध्ये आणखी एक वाट होती, ती म्हणजे चाकरीची जत्रा. मध्य भागात सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सुमाराला आणि यॉर्कशायरकडे नोव्हेंबरात मार्टिनमसला गावच्या चौकात मुलं-मुली ओळीनं उभी राहत. कोणाला कोणतं काम येतं ते अंगावरच्या खुणेवरून कळे. धनगराकडे लोकरीचा झुबका, गाडीवानाच्या टोपीला चाबकाची दोरी, घरकामाच्या मुलीच्या हातात फरशी पुसायचा झाडू. या झाडूवरूनच त्या जत्रेला 'मॉप' म्हणत. शेतकरी येऊन बघे, विचारपूस करी, सौदा पटला की तळहातावर विसार ठेवी, बहुधा शिलिंगभर. विसार घेतला की मुलगी वर्षभराला बांधली गेली. पगार वर्ष भरल्यावर, मध्येच सोडलं तर त्यावर पाणी. काही गावांत पुढच्या पंधरवड्यात आणखी एक जत्रा भरे, 'पळपुट्यांची'. पहिल्या सौद्यात फसलेले चाकर आणि फसलेले मालक तिथे पुन्हा समोरासमोर येत. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला ही जत्रा अजूनही ऑक्टोबरात भरते, फक्त आता तिथे पाळणे आणि खाऊची दुकानं असतात.

पाद्री मंडळींना या जत्रांचा भारी तिटकारा होता. गुरांच्या बाजारासारख्या मुली उभ्या करायच्या, संध्याकाळी दारू आणि नाच, हे त्यांना खपत नव्हतं. 1875 साली मेरी टाउनसेंड यांच्या पुढाकारानं निघालेली 'गर्ल्स फ्रेंडली सोसायटी' याच काळजीतून आली. खेड्यातली मुलगी चाकरीसाठी परगावी निघाली की तिला तिथे ओळखीचं छत्र मिळवून द्यायचं. काम चांगलंच होतं, पण सभासद होण्याची पहिली अट मुलीच्या 'निष्कलंक' वागण्याची होती. ज्या मुलीला आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिलाच दार बंद.

आता कामाचं बघू. या मुलींचा दिवस मालकिणीच्या स्वभावापेक्षाही कोळशानं, लोखंडानं आणि पाण्यानं ठरवलेला होता. घरातली ऊब, गरम पाणी, स्वयंपाक सगळं कोळशावर, आणि कोळसा म्हणजे राख आणि काजळी. पहाटे पाच-साडेपाचला उठायचं, खिडक्यांची दारं उघडायची, रात्रीची राख उपसायची, ओतीव लोखंडाच्या चुलीला ग्रॅफाइटची काळी पूड चोळून ती ब्रशनं चकाकेपर्यंत घासायची, मग विस्तव. नंतर जेवणघराची शेगडी, दिवाणखान्याची शेगडी, बाहेरच्या पायऱ्या घासणं, सगळ्यांचे बूट. घरातली मंडळी जागी व्हायच्या आत हे उरकायचं आणि त्यांच्या खोल्यांत गरम पाण्याचे पितळी डबे नेऊन ठेवायचे. नळ असलाच तर स्वयंपाकघरात, खेड्यात तोही नसे, आडावर किंवा हातपंपावर जायचं. आंघोळीचं पाणी जिन्यावरून वर न्यायचं आणि वापरलेलं पाणी त्याच जिन्यानं खाली आणायचं. रात्रीची भांडी खाली आणून रिकामी करायचं कामही तिचंच, त्याविषयी पाहुण्यांसमोर कोणी बोलत नसे.

सुऱ्यांचं काम वेगळं. न गंजणारं पोलाद 1913 साली आलं, त्याआधी जेवणाच्या प्रत्येक सुरीला डाग पडे, गंज चढे. सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटरला तयार होणारी 'बाथ ब्रिक' नावाची मऊसर वीट कुटून ती पूड फळीवर पसरायची आणि एकेक पातं मागे-पुढे घासायचं, रोज, प्रत्येक जेवणानंतर. बूट आणि सुऱ्या यांच्यातच मुलीच्या दिवसाचा केवढा भाग जाई, याची कल्पना आज स्टीलचा चमचा नळाखाली धरणाऱ्या आपल्याला येणं अवघड आहे. सोमवार कपड्यांचा. मोठ्या तांब्याच्या हंड्याखाली पहाटेच जाळ, सोड्याच्या पाण्यात कपडे उकळायचे, चोळायचे, पिळायचे. हिवाळ्यात हातांना भेगा पडत आणि सोडा त्यांत झोंबे.

शेतकऱ्याच्या घरी यावर आणखी गोठा. धारा, लोणी घुसळणं, डुकरांचं खाणं, पावाची भट्टी, आणि घरातच राहणाऱ्या गड्यांची न्याहारी. तिथे मालकीणही पदर खोचून, म्हणजे बाह्या वर करून, बरोबरीनं राबत असे, एकाच टेबलावर जेवण होई. शतक पुढे सरकलं तसे सुखवस्तू शेतकरी वेगळ्या खोलीत जेवू लागले. दर्जा वाढला आणि मुलगी स्वयंपाकघरात एकटी पडली.

पैशांचा हिशेब 1861 च्या इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरच्या जाड ग्रंथात मिळतो. सगळी कामं करणाऱ्या एकट्या मोलकरणीला वर्षाला 9 ते 14 पौंड, चहा-साखर-बिअर घरची दिली तर त्याहून कमी. बटलरला 25 ते 50. दहा शिलिंगवाल्या शेतमजुराची वर्षाची कमाई 26 पौंड होई, त्यातून कुटुंब जेवे. त्या मानानं पोट भरून वर नऊ पौंड हे वाईट नव्हतं, आणि आईबापांना ते तसंच दिसे. पुस्तक लिहिताना बीटनबाई पंचविशीत होत्या, अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. बहुतेक पाककृती त्यांनी इकडून तिकडून जमवल्या होत्या. पण घरातल्या सगळ्या नोकरांत खरी कीव यावी ती या एकटीचीच, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे, आणि लगेच पुढे तिच्या कामांची लांबलचक यादी दिली आहे.

पुरुष नोकर कमी का, याचं एक कारण सरकारी आहे. अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागवायला पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी 1777 साली घरातल्या पुरुष नोकरांवर कर बसवला. युद्ध हरले, कर राहिला, तो 1937 साली गेला. त्यामुळे फुटमन ठेवणं ही ऐपतीची जाहिरात झाली आणि साध्या घरात स्वस्त पडणारी मुलगी आली.

इतक्या लाखो मुलींपैकी स्वतःच्या हातानं लिहून ठेवणाऱ्या अगदी थोड्या. हॅना कलविक त्यांतली सगळ्यात ठळक. 1833 साली श्रॉपशायरमधल्या शिफनलला जन्म, आठव्या वर्षी कामाला. चौदाव्या वर्षी एका पाद्र्याकडे मुलं सांभाळत असताना आईवडील दोघं काही दिवसांच्या अंतरानं गेल्याचं कळलं, आणि भावंडांकडे जायला तिला सोडलं नाही. पुढे एका घरातून काढलं ते काम करताना खेळत होती म्हणून. तिच्या डायऱ्यांत किती बूट पुसले, किती शेगड्या साफ केल्या याचे हिशेब आहेत. मात्र त्या वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या आर्थर मन्बी नावाच्या सुशिक्षित गृहस्थाच्या आग्रहानं लिहिल्या गेल्या. कष्टकरी बायकांच्या राकट, मळलेल्या हातांचं त्याला विलक्षण आकर्षण होतं. 1873 साली दोघांनी गुपचूप लग्न केलं. ती त्याच्याच घरात मोलकरीण म्हणून राहिली आणि बाईसाहेब व्हायचं तिनं सपशेल नाकारलं. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेली मन्बीची पेटी 1950 साली उघडली, तेव्हा हे सगळं बाहेर आलं. त्या डायऱ्यांतली कष्टाची नोंद खरी मानावी, कष्टाचं कौतुक मात्र कोणाला ऐकवण्यासाठी आहे ते पाहावं.

माझ्या मते या चाकरीतली सगळ्यात जाचक गोष्ट कष्ट नव्हती. ती होती दाखला. मोलकरीण जागा सोडताना मालकीण तिच्या वागण्याचा, प्रामाणिकपणाचा दाखला देई, बहुधा नव्या मालकिणीला थेट पत्रानं. दाखल्याशिवाय दुसरं घर मिळत नसे. खोटा दाखला देणाऱ्याला 1792 च्या कायद्यानं 20 पौंड दंड होता, पण दाखला द्यायलाच हवा असं मालकावर कसलंही बंधन नव्हतं, हे 1800 साली न्यायालयानंच सांगून टाकलं होतं. म्हणजे वर्षानुवर्षांची चाकरी एका बाईच्या मर्जीवर. उलट बोललं, दारात कोणी मुलगा भेटायला आला, चमचा हरवला, दाखला गेला. आणि मुलीला दिवस गेले तर विचारायलाच नको. 1834 च्या गरीब कायद्यानं अशा मुलाची सगळी जबाबदारी आईवर टाकली होती. घरून आसरा मिळाला नाही तर उरे ते निराधारांचं वर्कहाउस. जॉर्ज मूरची 1894 ची 'एस्थर वॉटर्स' ही कादंबरी ससेक्समधल्या अशाच एका स्वयंपाकघरातल्या मुलीची गोष्ट सांगते. डब्ल्यू. एच. स्मिथच्या फिरत्या ग्रंथालयानं ती ठेवायला नकार दिला.

या चौकटीतून कोणी सुटलंच नाही असं नाही. ससेक्समधल्या अपपार्क या वाड्याच्या मालकानं, सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनी, 1825 साली सत्तरी ओलांडल्यावर आपल्या डेअरीत काम करणाऱ्या विशीतल्या मेरी ॲन बुलकशी लग्न केलं. ते गेल्यावर वाडा तिचा झाला आणि तिच्यामागून तिच्या बहिणीचा. या बहिणीकडे 1850 साली सारा नील ही मुलगी खास दासी म्हणून आली, तिथल्या माळ्याशी लग्न करून गेली, दुकान चाललं नाही म्हणून 1880 साली पुन्हा तिथेच हाउसकीपर झाली. तिचा मुलगा म्हणजे लेखक एच. जी. वेल्स. वाड्याखालून स्वयंपाकघराकडे आणि तबेल्याकडे जाणारी भुयारं आहेत, नोकर वरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून. त्या भुयारांतून हिंडलेल्या आणि वरच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचलेल्या या मुलानं पुढे 'टोनो-बंगे' या कादंबरीत तो वाडा रंगवला. आई चांगली हाउसकीपर नव्हती, हेही त्यानं आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता लिहिलं. मालकीण मूळची डेअरीवालीची बहीण, पण म्हणून खालच्यांची भुयारं बुजली नाहीत. 1893 साली साराला कामावरून कमी केलं.

मुलींच्या वाट्याला चांगलं काही येतच नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. घरच्यापेक्षा बरं खाणं मिळे. 1840 नंतर एका पेनीत घरी पत्र जाई, 1861 नंतर पोस्टात पैसे ठेवता येत, आणि पोस्टात खातं उघडणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या पुष्कळ होत्या. फ्लोराच्या वस्तीतल्या मुली पगारातून घरी नेमानं पैसे पाठवत. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी, मदरिंग संडेला, बऱ्याच ठिकाणी आईला भेटायला सुटी मिळे.

पण गिरणीतल्या बाईला 1847 पासून दहा तासांचा कायदा होता. घरातल्या मुलीच्या तासांना राणीच्या अख्ख्या कारकिर्दीत एकाही कायद्यानं हात लावला नाही. घर ही खाजगी जागा, तिथे सरकारचा निरीक्षक कसा शिरणार, हे त्यावरचं उत्तर. कचेऱ्या, दुकानं, टपालखातं यांची दारं मुलींना उघडली तशी त्यांनी निमूटपणे वाट बदलली, आणि 'हल्ली चांगले नोकर मिळत नाहीत' ही मालकिणींची तक्रार वर्तमानपत्रांत कायमची मुक्कामाला आली. 1911 साली अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी विमा कायद्यात मोलकरणींनाही घेतलं. आठवड्याला मोलकरणीचे तीन पेन्स, मालकिणीचे तीन, आणि कार्डावर तिकीट चिकटवायचं. तिकिटं आम्ही चाटायची काय, म्हणून नोव्हेंबरात बड्या घरच्या बायकांनी लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल भरवला, सोबत आपल्या मोलकरणींनाही नेलं. कायदा तरीही मंजूर झाला, आणि जुलै 1912 पासून तिकिटं चिकटवावी लागली.