पुराव्याशी इमान

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर १९२८ साली ग्रंथ लिहिणारे बंगाली इतिहासकार डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचे ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही. कलकत्ता विद्यापीठात अध्यापन, १९३९ पासून हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरखान्याची धुरा, पुढे दिल्लीचे कुलगुरुपद, अशी त्यांची सेवा. पण त्यांची खरी कसोटी लागली ती १९५७ साली. सत्तावनच्या उठावाचा इतिहास सरकारनेच त्यांच्याकडून लिहविला. शताब्दीच्या उत्साहात लोकांना वीरगाथा हवी होती. सेनांनी मात्र पूर्वनियोजित कटाची कल्पना पुराव्याअभावी अमान्य केली. क्रौर्य दोन्ही बाजूंचे नोंदविले. आणि धर्मरक्षणार्थ पेटलेल्या लढ्याला अखेर स्वातंत्र्ययुद्धाचे रूप आले, हेही मान्य केले. सरकारी कामगिरी स्वीकारूनही लेखणी स्वतंत्र ठेवता येते, हाच त्यांचा सर्वांत मोलाचा धडा होय, असे आम्हांस वाटते.