शिडाच्या होडीवरील टप

आषाढांत कोंकणामध्यें भाताची लावणी चालू असतां वांकलेल्या पाठींवरचीं इरलीं ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. छत्री हा उभ्या मनुष्याचा आसरा. इरलें हा वांकून काम करणाराचा. दोन्ही हात मोकळे ठेवून पाठ कोरडी राखणें, हा इरल्याचा गुण. आसरा केवळ पावसाकडे पाहून नव्हे, तर त्याखालीं काम करणाराकडे पाहून बेतावयाचा असतो. हा सिद्धांत समुद्रावर किती खरा ठरतो, तें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

पाश्चात्य देशांत हौसेसाठीं व शर्यतीसाठीं शिडाच्या लहान होड्या बाळगण्याची चाल आहे. अशा होडीच्या मागील भागांत सुकाणूं धरणारासाठीं हौदासारखी खोलगट जागा असते. तीस कॉकपिट म्हणतात. तिच्या पुढेंच खालच्या खोलींत उतरण्याचें दार असतें. वाऱ्यासमोर जातांना नाळेवर फुटलेल्या लाटेचे फवारे थेट तोंडावर येतात. थंड समुद्रांत असा तासन् तास भिजलेला मनुष्य गारठून बधिर होतो, आणि बधिर मनुष्य चुका करतो. म्हणून त्या दारावर टांग्याच्या टपासारखा कापडी टप बसवितात. इंग्रज त्यास स्प्रेहूड म्हणतात, अमेरिकन डॉजर.

नौकेवरील आसऱ्याचा विचार आपल्याकडेही झालेला आहे. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत खोलीच्या जागेवरून नौकांचे सर्वमंदिरा, मध्यमंदिरा व अग्रमंदिरा असे भेद केले आहेत. त्यांत मध्यमंदिरा पावसाळ्यास योग्य आणि अग्रमंदिरा दूरच्या प्रवासास व युद्धास योग्य मानिली आहे. म्हणजे आसरा कोठें असावा, हें नौकेच्या कामावरून ठरत असे.

अर्वाचीन काळीं ह्या बाबतींत ब्लाँडी हॅस्लर ह्या इंग्रज गृहस्थांचें उदाहरण मननीय आहे. १९४२ च्या डिसेंबरांत बोर्दो बंदरांतील जहाजांवर वल्ह्यांच्या चिमुकल्या नावांतून जो छापा घालण्यांत आला, त्याचे हे नायक. निघालेल्या दहा जणांपैकीं दोघेच जिवंत परतले. त्यांतील एक हे. त्यांच्या ‘जेस्टर’ नांवाच्या सुमारें २५ फुटी होडीवर उघडा कॉकपिट नव्हताच. छपराच्या मध्यावर एक वाटोळें दार, आणि त्यावर बाबागाडीच्या टपासारखा मिटणारा, गोल फिरणारा टप! वारा येईल तिकडे टपाची पाठ करावयाची. शिडाचे दोरही त्या दारापर्यंत आणलेले असल्यामुळें आंतच उभें राहून शीड आवरतां येई. एकट्यानें अटलांटिक ओलांडण्याची जी पहिली शर्यत १९६० सालीं प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत झाली, तिची कल्पना हॅस्लर ह्यांचीच. ती बऱ्याच मोठ्या होडीतून फ्रान्सिस चिचेस्टर ह्यांनीं ४० दिवसांत जिंकली. हॅस्लर ४८ दिवसांत पोहोंचून दुसरे आले.

आपल्या होडीचा टप स्वतः बेतणारानें कातरीपूर्वीं मोजपट्टी हातीं घ्यावी. पहिलें माप डोळ्यांचें. टपाची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर आली, तर क्षणोक्षणीं मान वरखालीं करावी लागते. ती पुरती खालीं असावी, म्हणजे टपावरून दिसेल. अथवा पुरती वर असावी, म्हणजे खिडकींतून दिसेल. खिडकीवर मीठ सांचतें, म्हणून पहिली सोय आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते. दुसरें माप हातांचें. दोर ताणण्याच्या विंच नांवाच्या रहाटाचा दांडा बहुधा १० इंचांचा असतो. तो पुरें वर्तुळ फिरला पाहिजे. तिसरें माप शिडाखालच्या आडव्या काठीचें. शीड उतरवितांना ती झुकते. तेव्हां टपावर आदळूं नये.

हीं मापें केवळ कागदावर जमत नाहींत. शिंपी कच्चा टांका घालून कपडा अंगावर चढवून पाहतो, तसें येथेंही करावें. बांबूच्या कामट्या वांकवून बांधाव्या, वर जुनें धोतर पसरावें, आणि त्याखालीं बसून, उभें राहून, दांडा फिरवून, दारांतून चार वेळां वरखालीं करून पाहावें.

मग सांगाडा. तो न गंजणाऱ्या पोलादाच्या सुमारें एक इंची नळीच्या कमानींचा करतात. कापड पूर्वीं कॅनव्हासचें असे. आतां उन्हास टिकणारें अॅक्रिलिक धाग्याचें वापरतात. खिडकीचें मऊ प्लास्टिक तापलेल्या नळीस टेकल्यास करपतें, म्हणून तें नळीपासून दूर ठेवावें. छपरास फुगवटा नसेल तर पाणी सांचून झोळ पडतो. मागची कमान मात्र विशेष बळकट हवी. कारण डुलत्या होडीवर पुढें जाणारा पहिला हात तेथेंच टाकतो. एक घनमीटर समुद्रजल एक टनाहून जड असतें! म्हणून वादळांत टप झटकन मिटतां आला पाहिजे.

इतकें साधलें तरी एक धोका उरतोच, आणि तो सर्वांत मोठा. उबदार, कोरड्या जागीं बसलेल्या मनुष्यास बाहेर डोकावण्याचा कंटाळा येतो. आणि क्षितिजावर दिसलेलें वेगवान जहाज अंगावर येण्यास अर्धा तासही लागत नाहीं. प्रत्येक नौकेनें सदोदित डोळ्यांनीं व कानांनीं योग्य टेहळणी ठेविली पाहिजे, असें १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतील पांचवा नियम बजावतो. हॅस्लर ह्यांचा टप आम्हांस मोलाचा वाटतो तो ह्याचसाठीं. वाऱ्याकडची बाजू झांकतांना दुसरी बाजू तो उघडी ठेवी.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांस द्यावयाच्या आसऱ्याविषयींही हेंच म्हणतां येईल. अंगास वारा झोंबूं देऊं नये. पण डोळ्यांपुढचें क्षितिजही झांकूं नये.