बांधावर पांढरे, ओसरीवर काळे
लेखमाला : हातातला पडदा | लेखांक ९

पावसाने जरा उघडीप दिली की मुठा खोऱ्यात फोन घेऊन भातखाचराच्या बांधावर जाण्याचे दिवस येतात. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः फोनवरून करायची ती ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झाली. पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, घरी बसून भागत नाही. त्याच्या आगेमागे ब्राउझर उघडून सातबाऱ्यावरचा गट क्रमांक नि क्षेत्र ताडून पाहणे आलेच. अशा वेळी फोनवर डार्क मोड चालू असला, तर अक्षरांच्या जागी स्वतःचा चेहरा आणि मागचे आभाळच जास्त दिसते. माणूस फोनला दोष देत आंब्याची सावली गाठतो.

दोष फोनचा नसतो. काच बाहेरचा थोडाफार उजेड परत फेकतेच. पान पांढरे असले की पडद्याचा स्वतःचा उजेड त्या प्रतिबिंबाला दाबून टाकतो. पान काळे केले की दाबायला काही उरत नाही. भर उन्हात डार्क मोड बंद करायचा नि ब्राइटनेस पूर्ण वाढवायचा, एवढेच.

तोच फोन रात्री ओसरीवर घ्या. पावसाळ्यात वीज गेलेली, आणि टेमघर धरणातून विसर्ग सोडलाय का हे कुणीतरी शोधतेय. मिट्ट अंधारात बाहुली पूर्ण उघडलेली असते आणि समोर पांढरे पान उघडते, म्हणजे तोंडावर बॅटरी मारल्यासारखेच. इथे काळे पान खरोखर सुखाचे. मला या सगळ्या प्रकरणात एवढेच सांगायचे आहे की पडद्याचा उजेड भोवतालच्या उजेडाशी जुळला पाहिजे. डार्क मोड ही त्यासाठीची एक सोय आहे, डोळ्यांचे औषध नव्हे.

औषध म्हणून तो खपवला मात्र भरपूर जातो. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांना पडद्यावर मजकूर तपासायला दिला. दोन्ही गटांना पांढऱ्यावर काळी अक्षरेच बरी वाचता आली. उजळ पानाने बाहुली आकुंचते आणि डोळ्यातली प्रतिमा रेखीव होते. काळ्या पानावर बाहुली फाकते, कडा किंचित पसरतात. ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे, त्यांना तर पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसू लागते. चाळिशी लागलेल्यांचीही अशीच पंचाईत, कारण लहान बाहुली त्यांना जवळचे वाचायला मदत करत असते. दिवसभर डार्क मोड लावून ‘डोळे दुखतात’ म्हणणाऱ्यांनी आधी तो बंद करून बघावा.

आपल्या देवनागरीला याचा फटका थोडा जास्तच बसतो, असे माझे मत आहे. शिरोरेघेवरचा अनुस्वार, रफार, जोडाक्षरातले अर्धे अक्षर हे सगळे बारीक काम. पांढरी अक्षरे काळ्यावर पसरली की मात्रा आणि रफार एकमेकांत मिसळतात. गेल्या आठवड्यात आपण अक्षरांचा आकार वाढवायला शिकलो, ती सेटिंग रात्री आणखी एक पायरी पुढे न्या. काळे पान अगदी काजळासारखे नसून गडद राखाडी असेल आणि अक्षरे झगझगीत पांढरी नसून थोडी मळकट असतील, तर वाचन सोपे जाते. निवड करता येत असेल तर तीच करा.

काळा पडदा ही काही नवलाई नव्हे. १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर काळ्या पार्श्वभूमीवरच अक्षरे उमटत. कागदासारखा पांढरा पडदा घरोघरी नेला तो १९८४च्या मॅकिंटॉशसारख्या संगणकांनी. सप्टेंबर २०१९मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ आले, त्यांनी सगळ्या फोनभर काळोख पसरवण्याचे बटण दिले, आणि मार्च २०२०मध्ये व्हॉट्सॲपही काळे झाले.

वेबसाइटचे मात्र वेगळे आहे. फोनवर डार्क मोड लावला की ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला फक्त कळवतो की या माणसाला गडद रंग हवेत. बनवणाऱ्याने गडद रंगांचा दुसरा संच लिहून ठेवला असेल तर पान काळे होते, नसेल तर पांढरेच राहते. बऱ्याच सरकारी वेबसाइट अशाच पांढऱ्या राहतात. मग ब्राउझरवर जबरदस्ती करता येते. सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये तशी सोय आहे, आणि फायरफॉक्समध्ये ‘डार्क रीडर’ हे ॲड-ऑन बसवता येते. पण हे रंग अंदाजाने उलटवलेले असतात. अर्जातल्या चौकटीत लिहिलेले दिसेनासे होते, आणि क्यूआर कोड उलटा झाला तर काही स्कॅनर तो वाचतच नाहीत. अर्ज भरताना नि पैसे देताना ही जबरदस्ती काढून ठेवावी. पीडीएफचे रंग तर त्या फाइलमध्येच ठरलेले, त्यामुळे उतरवून घेतलेला सातबारा रात्रीही बहुतेक पांढराच उघडतो.

बॅटरीचे काय, हा प्रश्न वीज जाणाऱ्या गावात अगदी रास्त आहे. फोनचा पडदा ओएलईडी असेल तर काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, म्हणून वीज वाचते. साध्या एलसीडीत मागचा दिवा पान काळे असले तरी पेटलेलाच असतो, बचत जवळजवळ नाहीच. ओएलईडीतही हुरळून जाऊ नये. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१च्या मोजणीत ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्के वीज वाचली. ब्राइटनेस पूर्ण असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे मोठी बचत होते ती उन्हात, जिथे काळे पान वाचताच येत नाही! रात्री ब्राइटनेस खाली ओढणे हाच बचतीचा सरळ रस्ता.

झोपेबद्दलही तसेच. डोळ्यातल्या काही पेशी निळसर उजेडावरून दिवस-रात्र ओळखतात. काळ्या पानातून एकूण उजेड कमी येतो, तेवढी मदत होते. पण अंथरुणात तासभर रील बघत राहिलात तर पान कोणत्या रंगाचे होते याला फारसा अर्थ नाही. डोळे चुरचुरतात त्याचे मोठे कारण वेगळेच आहे, पडद्याकडे बघताना आपण पापण्या मिटायचे विसरतो.

आता वेळापत्रक. डार्क मोड सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आपोआप लावता येतो. फोन सूर्यास्ताची वेळ गावाच्या ठिकाणावरून काढतो, त्याला पश्चिमेचे डोंगर ठाऊक नसतात. मुठा खोऱ्यात सूर्य डोंगराआड जातो तो पंचांगातल्या वेळेच्या आधीच, आणि घरात दिवा लागतो तोही आधीच. म्हणून ‘सूर्यास्त’ न निवडता स्वतःची वेळ घाला. हिवाळ्यात ती अलीकडे आणा. पांढरी पीडीएफ वाचायचीच असेल तर अँड्रॉइड १२पासून मिळणारे ‘एक्स्ट्रा डिम’ चालू करा. ब्राइटनेसची पट्टी तळाला टेकल्यानंतरही ते पडदा आणखी मंद करते. आयफोनवर त्याच कामाला ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आहे. दोन्ही ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये सापडतात. सकाळी खाचरावर जाताना ते बंद करायला विसरू नका, नाहीतर उन्हात पडदा बंदच पडला असे वाटून मोबाइलवाल्याकडे खेप होईल.