प्लाझ्मा टेबलावरची वायरिंग

घरगुती सीएनसी प्लाझ्मा टेबल म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यावर पुढे-मागे सरकणारी गँट्री, गँट्रीवर डावी-उजवीकडे धावणारा आणि वर-खाली होणारा टॉर्च, आणि शेजारी प्लाझ्मा कटर, कंप्रेसर व कंट्रोलर. हे सगळे भाग एकमेकांना केबलींनी जोडलेले असतात. मोटर जळायला किंवा रॅकचे दात झिजायला वर्षे लागतात. केबलींचा गोंधळ मात्र पहिल्याच मोठ्या कामात समोर येतो. टॉर्च पेटताच गँट्री मध्येच थांबते, लिमिट स्विचला कोणी हात लावलेला नसताना कंट्रोलर अलार्म देतो, गोल कापायला घेतलेला पत्रा अंड्यासारखा निघतो. दोष सॉफ्टवेअरचा वाटतो, पण बहुधा तो वायरिंगमध्ये निघतो. म्हणून केबलींची मांडणी टेबल उभे करण्याआधीच कागदावर ठरवावी. शेवटी प्लास्टिकचे टाय मारून गुंडाळून टाकण्याचे हे काम नाही.

ही मांडणी टेबल कुठे उभे राहणार यावरही ठरते. डहाणू तालुका केंद्र सरकारच्या 20 जून 1991च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि उद्योगांसाठीच्या एकूण जमिनीवर 500 एकरांची मर्यादा आली. अशा भागात, आणि महामार्गावरच्या तलासरीतही, गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड, ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामे घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये होणे साहजिक आहे. गॅस कटर आणि ग्राइंडरच्या जोडीला चार बाय चार फुटांचे प्लाझ्मा टेबल अशा शेडमध्ये सहज मावते. मात्र इथले हवामान तांब्याला मानवत नाही. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या किनाऱ्यावर हवा खारी असते आणि जूनपासून चार महिने शेडमध्ये ओल टिकते. मांडणी ठरवताना हे धरूनच चालावे लागते.

मुळात प्लाझ्मा हे वीज वाहणाऱ्या तप्त वायूचे नाव. युनियन कार्बाइड कंपनीतील रॉबर्ट गेज यांना अशा आर्क टॉर्चचे अमेरिकन पेटंट 1957 साली मिळाले. नोझलच्या बारीक भोकातून दाबाने सुटणारी हवा आणि तिच्यातून जाणारा आर्क मिळून वीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान तयार होते. पत्रा वितळतो आणि हवेच्या झोताने खाली उडतो. कापताना आर्कचे व्होल्टेज साधारण 100 ते 150 असते. कंट्रोलरकडून मोटर ड्रायव्हरकडे जाणारे सिग्नल अवघ्या पाच व्होल्टचे असतात. एकाच चौकटीवर, हातभर अंतरात हे दोन्ही प्रवाह नांदतात, आणि या टेबलाची खरी अडचण इथेच आहे.

ती किती वाढते हे आर्क पेटवण्याच्या पद्धतीवर ठरते. स्वस्त कटरमध्ये बहुधा हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्ट असतो: काही हजार व्होल्टची ठिणगी दर वेळी इलेक्ट्रोड आणि नोझल यांच्यामध्ये उडते. हातात टॉर्च धरून कापताना तिचा त्रास नाही. टेबलावर मात्र टॉर्चची केबल रेडिओच्या अँटेनासारखी वागते आणि आजूबाजूच्या प्रत्येक वायरीत त्या ठिणगीचा विद्युत कल्ला उतरतो. ब्लोबॅक स्टार्टच्या कटरमध्ये हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड आणि नोझल एकमेकांपासून सुटतात आणि तिथेच आर्क पेटतो. ती ठिणगी लागतच नाही. हायपरथर्मच्या पॉवरमॅक्स मालिकेतील कटर या पद्धतीचे आहेत. ब्लोबॅक कटरला पैसे जास्त पडतात, पण टेबलासाठी तोच घ्यावा. हाय-फ्रिक्वेन्सी कटरवर वाचवलेली रक्कम शील्ड केबल, फेराइट आणि वाया गेलेल्या पत्र्यात जाते.

हा फरक नक्षीच्या कामात ठळक दिसतो. डहाणू-तलासरीत गेटवर वारली आकृत्या काढायच्या म्हटल्या की तारपा वाजवणाऱ्याभोवतीचे नाचाचे वेटोळे आलेच. त्यातली प्रत्येक आकृती म्हणजे पत्र्यात कापलेले एक वेगळे छिद्र, आणि प्रत्येक छिद्रासाठी टॉर्च एकदा विझून पुन्हा पेटतो. चाळीस नाचणाऱ्यांच्या गेटला चाळीस वेळा आर्क पेटवावा लागतो. झाडे, पक्षी, डोंगर वेगळेच. सरळ पट्टी कापताना जो गोंधळ एकदाच होऊ शकतो, त्याला इथे चाळीस संधी मिळतात. एकतिसाव्या आकृतीला मोटरच्या दोन-चार पायऱ्या चुकल्या तर पुढचे सगळे वेटोळे सरकते आणि पत्रा भंगारात जातो. शिवाय त्रिकोणी धडांमुळे गँट्री सतत दिशा बदलते, म्हणजे केबलीही तितक्याच वेळा वळतात.

यावरचा पहिला उपाय अंतर हाच, आणि त्याला खर्च येत नाही. टॉर्चची केबल आणि प्रवाह कटरकडे परत नेणाऱ्या वर्क क्लँपची केबल एका बाजूने न्यावी; मोटर, लिमिट स्विच आणि टॉर्चच्या उंचीचे नियंत्रण करणाऱ्या टीएचसीच्या वायरी दुसऱ्या बाजूने. दोहोंत निदान वीतभर जागा ठेवावी, आणि कुठे ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. समांतर धावणाऱ्या वायरींमध्ये कल्ला सर्वाधिक उतरतो. टॉर्चची केबल लांब पडली म्हणून तिची गोल वेटोळी करून टेबलाखाली टाकण्याची सवय नडते. जादा लांबी इंग्रजी आठच्या आकारात मांडली तर वेटोळ्यांची चुंबकीय क्षेत्रे बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात.

सरकत्या भागासाठी ड्रॅग चेन वापरतात. दुवे जोडून केलेली ही साखळी 1953 साली जर्मनीत गिल्बर्ट वानिंगर यांनी पोलादात बनवली. आज नायलॉनची सर्रास मिळते. ती केबलीला ठरलेल्या त्रिज्येपेक्षा जास्त वाकू देत नाही. तिची लांबी अंदाजाने घेऊ नये. साखळीचे स्थिर टोक प्रवासाच्या मधोमध बांधले तर लांबी म्हणजे निम्मा प्रवास, अधिक वळणाची अर्धवर्तुळाकार लांबी, अधिक दोन दुवे. 1200 मिलिमीटर प्रवास आणि 55 मिलिमीटर त्रिज्या असेल तर 600 अधिक 173, आणि दुव्यांचे सुमारे 50, म्हणजे जेमतेम सव्वाआठशे मिलिमीटर. तेच टोक टेबलाच्या एका कडेला बांधले की 1400च्या वर साखळी लागते. आत केबली ठासून भरू नयेत. प्रत्येकीला हलायला जागा हवी आणि त्या एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. दोन्ही टोकांना मात्र त्या घट्ट आवळाव्यात, म्हणजे ओढ वायरीच्या टोकाच्या थिंबलवर येत नाही. घरच्या वायरिंगची जाड तारांची वायर साखळीत काही महिन्यांत आतून तुटते, आणि वरून आवरण धड दिसत असल्याने दोष सापडत नाही. तिथे बारीक तारांची, सतत वाकण्यासाठी बनवलेली केबलच घालावी.

टॉर्चची केबल या साखळीत घालू नये. ती जाड आणि जड असते, तिच्यातून हवाही जाते, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यापासून तिला लांब ठेवायचे त्याच वायरी शेजारी असतात. शेडच्या कैचीवरून स्प्रिंग बॅलन्सरने किंवा टेबलामागच्या उभ्या पाइपच्या बाहूवरून ती टांगली की तिचे वजन गँट्रीवर पडत नाही. टॉर्चजवळच्या शेवटच्या फूट-दीड फुटावर काचतंतूची, सिलिकॉन लावलेली नळी किंवा चामड्याचे आवरण चढवावे, कारण पत्र्याला भोक पडेपर्यंत वितळलेले लोखंड खाली न जाता वर आणि बाजूला उडते.

टीएचसी आर्कचे व्होल्टेज मोजून टॉर्चची उंची राखतो. त्यासाठी कटरमधून दोन वायरी निघतात, आणि त्या कच्च्या व्होल्टेजच्या असतील तर सारा कल्ला थेट कंट्रोलरपर्यंत पोचवतात. म्हणून 50ला 1 असा विभाजक कटरच्या आतच बसवून उरलेले दोन-तीन व्होल्ट पीळ दिलेल्या शील्ड जोडीतून न्यावे. शील्ड फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थला जोडतात. दोन्ही टोके जोडली तर शील्डमधूनच प्रवाह फिरतो. लिमिट स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ प्रकारचे घ्यावेत, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबते. संगणक आणि कंट्रोलर यांच्यात यूएसबीपेक्षा ट्रान्सफॉर्मरने विलग झालेली इथरनेट केबल कितीतरी भरवशाची.

अर्थिंगचे सगळे धागे एकाच बिंदूवर आणावेत. टेबल, गँट्री, कटर आणि पॅनेल यांच्या वायरी टेबलावरच्या एका तांब्याच्या पट्टीवर येतात आणि तिथून जाड वायर जमिनीतल्या रॉडकडे जाते. गँट्री बेअरिंगवर चालते, ग्रीस मधे येते, म्हणून तिला लवचिक विणलेली पट्टी वेगळी द्यावी लागते. वर्क क्लँप टेबलाच्या रंगवलेल्या पायाला न लावता घासून उघड्या केलेल्या लोखंडाला, पत्रा ठेवायच्या पट्ट्यांजवळ, बोल्टने बसवावा. सप्लायची वायरही पाहावी: 40 अँपिअरने कापणारा सिंगल फेज कटर 230 व्होल्टवर पूर्ण भारात 25-30 अँपिअर घेतो, आणि घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाचे ते काम नव्हे.

टेबलाखाली पाण्याचा ट्रे असेल तर धूर कमी होतो, पण लोखंडाच्या कणांनी काळे झालेले पाणी वीज वाहते. एकही जोड पाण्याच्या पातळीच्या खाली किंवा उडत्या थेंबांच्या टप्प्यात असू नये. पॅनेलमध्ये वायरी खालून, रबरी ग्लँडमधून आत घ्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत शिरत नाही. किनाऱ्यालगत कथिल चढवलेली थिंबल वापरावीत आणि जोडावर हीट श्रिंक चढवावे. उघडे तांबे एका पावसाळ्यात हिरवे पडते. मे महिन्यात सगळे स्क्रू आवळणे, अर्थची पट्टी घासणे आणि साखळीतली लोखंडाची भुकटी फुंकून काढणे ही कामे एकदमच उरकतात. भात साठवण्याच्या जागेला लागून शेड असेल तर उंदरांसाठी जमिनीलगतच्या केबली जीआय पाइपातून न्याव्यात, पाइपाची तोंडे जाळीने बंद करावीत, आणि प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक घालून तोच क्रमांक पॅनेलच्या दारामागच्या कागदावर लिहून ठेवावा.