प्रयोगशाळेतील मूत्रपिंड आणि आपल्या घरचा रुग्ण

काही दिवसांपूर्वी दारव्ह्याकडील एक तरुण आपल्या सत्तरीच्या वडिलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आला. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत चालली आहेत. पुढे डायलिसिस लागेल, तेव्हा आताच हातावर फिस्टुलाची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. मुलाने मोबाइलवरील बातमी माझ्यापुढे धरली. प्रयोगशाळेत मूत्रपिंड तयार झाल्याची ती बातमी होती. “डॉक्टरसाहेब, सालभरात नवी किडनी भेटणार असन, त बाबाच्या हाताची चिरफाड कायले करायची?”

वाचकहो, हा प्रश्न आपल्याही मनात येऊ शकतो. बातमी खोटी नव्हती. पण अर्धीच होती.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखविले. त्यासाठी २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अशा मूळपेशींना ठरावीक क्रमाने योग्य रसायने दिली, की त्या आपणहून एकत्र येऊन अवयवासारखी रचना करतात. तिला ‘ऑर्गनॉइड’ म्हणतात. मूत्रपिंडाचा ऑर्गनॉइड साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा असतो.

या दाण्याची एक अडचण आहे. त्याच्यात रक्त खेळत नाही, म्हणून पोषण आतपर्यंत पोहोचत नाही आणि मधल्या पेशी मरतात. येथे सूक्ष्मप्रवाह तंत्र उपयोगी पडते. आपल्याकडील शेतकऱ्याला ठिबक सिंचन ठाऊक आहेच. तसेच, केसाएवढ्या बारीक नाल्या कोरलेल्या पारदर्शक चिपमधून पोषक द्रव सतत वाहता ठेवतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले, की अशा प्रवाहात वाढविलेल्या मूत्रपिंडाच्या ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्यांचे जाळे अधिक विकसित होते आणि पेशीही अधिक परिपक्व होतात.

तरीही हे मूत्रपिंड नव्हे. आपल्या एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. या दाण्यातील रचना त्यामानाने अगदी थोड्या आणि अपरिपक्व. शिवाय तयार झालेले मूत्र बाहेर नेणारी वाट नाही. रुग्णाच्या शरीरात बसवून डायलिसिस थांबविता येईल, असा अवयव आज कोणाकडेही नाही.

मग उपयोग काय? एखादे नवे औषध मूत्रपिंडाला अपाय करील का, हे माणसाला देण्यापूर्वी अशा दाण्यांवर पाहता येते. भारतातही २०२३ च्या नियमदुरुस्तीने औषधांच्या प्राथमिक चाचण्यांसाठी ऑर्गनॉइड व चिपवरील अवयव यांना मान्यता दिली आहे. उद्याची औषधे अधिक सुरक्षित होण्यास त्याची मदत होईल, आणि तेही लहान यश नव्हे.

आता घरातल्या मंडळींसाठी. फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तो वेळेवर केला नाही, तर ऐनवेळी मानेतून नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. त्या उरलेसुरले मूत्रपिंडही बिघडवू शकतात. प्रत्यारोपण झेपेल का, हे तज्ज्ञांना विचारावे.

आणि कोणी ‘स्टेम सेलने किडनी पुन्हा उगवून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर वावर विकायला काढू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांतील मूळपेशी प्रत्यारोपणासारखे मोजके उपचार सोडल्यास, असा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. मूत्रपिंड उगवून देण्याचा उपचार त्या मोजक्यांत नाही.

हे सारे मी त्या दोघांना समजावून सांगितले. मुलगा गप्प झाला. तोवर एक शब्दही न बोललेल्या वडिलांनी बाही वर सारून डावा हात टेबलावर ठेवला आणि विचारले, “हा हात चालन का? उजव्यानं काम करा लागते.”