सपाटपणाची कसोटी

सोलापूरचें नांव निघतांच चादरी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु 1992 सालीं स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी याच शहरीं मोटारींच्या एंजिनांचे कॅमशाफ्ट घडविते. अशा यंत्रकामांत ‘सपाट’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. पंपाच्या फिरत्या दांड्यापाशीं द्रव अडवून धरणाऱ्या सीलचेंच उदाहरण घ्या. त्यांत दोन कड्यांचीं तोंडें एकमेकांस भिडून असतात. तीं पुरेशीं सपाट नसलीं, तर आंतलें कढत पाणी किंवा विषारी रसायन बाहेर झिरपतें. म्हणून त्यांचा उंचसखलपणा एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आंत ठेवतात.

हा दोष मोजावा कसा? पट्टी लावावी, तर पट्टीच सरळ आहे हें कोणीं ठरवावें? दोन पृष्ठें परस्परांशीं पडताळूनही भागत नाहीं. एक फुगीर व दुसरें तितकेंच खोलगट असलें, तर तीं बेमालूम जुळतात. यावरील तोडगा जोसेफ व्हिटवर्थ यांनीं 1840 सालीं ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढें मांडला. पृष्ठें तीन घ्यावींत, दिशा पालटून प्रत्येक जोडी पडताळावी व उंचवटे खरडावे. पहिलें फुगीर असेल, तर उरलेलीं दोन्हीं खोलगट व्हावीं लागतील. आणि मग तीं एकमेकांवर बसणार नाहींत. सर्व जोड्या जुळल्या, कीं तिन्ही सपाट.

याहून सूक्ष्म मापाला प्रकाशच पट्टी होतो. अत्यंत सपाट कांच पृष्ठावर किंचित् तिरपी टेकवून सोडियमच्या पिवळ्या दिव्याखालीं पाहिल्यास काळे पट्टे दिसतात. लगतच्या दोन पट्ट्यांमध्यें हवेच्या फटीची जाडी अर्ध्या तरंगलांबीनें, म्हणजे सुमारें 0.295 मायक्रॉननें, बदलते. पट्टे सरळ व समान अंतरावर असले, तर पृष्ठ सपाट. दोन पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्यानें ते वांकले, तर दोष सुमारें 0.15 मायक्रॉन.

येथें उष्णता आडवी येते. मापनाचें प्रमाण-तपमान 20 अंश सेल्सिअस. वैशाखांत सोलापूरचा पारा 40 च्याही वर चढतो. एक मीटर लांब व 20 सेंटिमीटर जाड अशा बिडाच्या सरफेस प्लेटचा माथा तळापेक्षां अवघा 1 अंश अधिक तापला, तरी ती मध्यभागीं सुमारें 7 मायक्रॉन फुगते. म्हणजे वीसांहून अधिक पट्ट्यांइतकी! म्हणूनच मापनाची खोली सारख्या तपमानाची राखतात, आणि हातांत धरलेली वस्तु निवेपर्यंत थांबतात. घाईनें घेतलेलें माप वस्तूचें नसून तिच्या उष्णतेचें ठरतें.