वाहन आणि लाकूड (लेखांक ५) : प्रवासी मोटारसायकलची पायफळी

मागील लेखांकात इंग्लंडमधील मॉर्गन मोटारगाडीच्या ॲश लाकडाच्या सांगाड्याचा विचार केला. तेथे लाकूड गाडीच्या बांध्यातच सामील असते. मोटारसायकलच्या पायफळीत मात्र लाकडाने भार पेलायचा नसतो, आणि हा भेद ध्यानात घेतला नाही तर उत्तम सागवानही वाया जाते.

अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइडसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर चालकाचे पाय लहान दांड्यांवर न ठेवता सपाट फळ्यांवर ठेवण्याची सोय असते; या फळीस फ्लोअरबोर्ड म्हणतात. तिच्या तळाशी धातूचे तबक असते, तबकावर रबरी पॅड बसवलेले असते, आणि तबक गाडीच्या सांगाड्याला बिजागरीने जोडलेले असते. वळणावर गाडी कलून फळीची कड रस्त्याला घासली, तर फळी वर दुमडावी यासाठी ही बिजागरी असते. फळी ताठ राहिली तर गाडीचा भार तिच्यावर येऊन चाकाची रस्त्यावरील पकड सुटू शकते. म्हणून हौशी कारागीर तबक आणि बिजागरी तशीच ठेवून केवळ रबरी पॅडच्या जागी लाकूड बसवतात, आणि लाकडाची कड तबकाबाहेर येऊ देत नाहीत.

जाडीही मनाला येईल तशी ठरवता येत नाही. अशा गाड्यांवर गिअर बदलण्याचा खटका बहुधा पुढे चवड्याने आणि मागे टाचेने दाबायचा असतो. फळी काही मिलिमीटर उंचावली तरी टाचेखालील अंतर कमी होते आणि उजवीकडे ब्रेकवर पाय ठेवण्याचा कोन बदलतो. मूळ पॅडवरून पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो उलटवून दुसऱ्या बाजूची फळी आखली जाते.

लाकडांत सागवानाला पसंती मिळते ती त्यातील नैसर्गिक तेलामुळे, कारण ते पाणी आणि कीड या दोहोंना दूर ठेवते; आलापल्ली-बल्लारपूर परिसरातील सागाची ख्याती महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तथापि याच तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून जोडणीपूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा लागतो. शिवाय सागातील सिलिकेमुळे रंध्याचे पाते आणि पटाशी लवकर बोथट होतात. ओलेपणापासून पूर्ण वाळेपर्यंत सागवान वाढीच्या वलयांना समांतर दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आकसते, त्रिज्येच्या दिशेने याच्या निम्म्याच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे वलये फळीच्या पृष्ठाशी काटकोनात उभी राहतील असा काप निवडावा, रेषा फळीच्या लांबीत ठेवावी, आणि मधला स्क्रू पक्का बसवून कडेच्या स्क्रूंची भोके आडवी, लांबट पाडावीत, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी त्याला सरकण्यास वाव राहतो व फळी चिरत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, त्यांची डोकी पृष्ठाखाली बुडवावीत, आणि लाकूड व तबक यांच्यामध्ये पातळ रबर ठेवून इंजिनाचा थरथराट पायापर्यंत पोहोचू देऊ नये.

शेवटच्या हाताबाबत बहुतेकांचा मोह चकचकीत वार्निशकडे असतो; परंतु असा पृष्ठभाग भिजला की बुटाखाली निसटतो. जहाजांवरील सागवानी डेक याच कारणाने परंपरेने वार्निशविना ठेवले जात. वरच्या बाजूस केवळ तेल मुरवून, लांबीत चर पाडून त्यांत रबरी पट्ट्या बसवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. पाणी सर्वाधिक शोषणारी आडव्या कापाची टोके मात्र एपॉक्सीने बंद करावीत. तेल जवसाचे असल्यास भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, कारण तेल वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेट घेऊ शकतात.

फळी बसवल्यावर ती हाताने पूर्ण दुमडून पाहावी. ती कोठेही अडत असेल, तर दिसायला कितीही देखणी असली तरी उतरवून पुन्हा तासावी.

(पुढील लेखांकात : जहाजाचा सागवानी डेक)